गच्चीवरच्या कुरडयांचं शूटिंग

माझ्या धाकट्या जावेचं मी आजवर कधीही वाईट चिंतलेलं नाही. फक्त तिच्या घरचं इंटरनेट बंद पडावं, एवढंच मागितलं होतं.

ती, म्हणजे वैशाली, अंबरनाथला, आम्ही बदलापूरला कात्रपमध्ये. दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. माझ्या दिरांनी कॅमेरा घेतला आणि वैशालीचा पुरणपोळी करतानाचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला. आता पुरणपोळी मीही करते. (तिच्यापेक्षा बरी करते. हे मी नाही, माझ्या आईने सांगितलंय.) पण माझ्या पोळ्या घरातलेच खातात, आणि तिची पोळी अख्खं जग बघतंय म्हणे.

मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत जाऊन तो व्हिडिओ पाहिला. नेट इतकं मंद होतं, की वैशालीची पोळी तव्याकडे निघाली ती वाटेतच थांबली. कुठल्याही बाईचा चेहरा असा मध्येच थांबला तर बावळट दिसतो. ही तशी थांबूनसुद्धा छान दिसत होती. साडीला मॅचिंग बांगड्या, ओट्यावर पिठाचा एक कण नाही. पुरणपोळी करताना ओटा स्वच्छ राहतो, यावर कोण विश्वास ठेवेल? खाली कोणीतरी 'व्हेरी नाइस आंटी' असं लिहिलं होतं. त्यातल्या 'आंटी' या शब्दाने मला जरा बरं वाटलं.

तरीही हे सगळं मी गिळलं असतं. पण रात्री बंगळूरहून माझ्या नणंदेचा, मीनाचा फोन आला.

"वहिनी, वैशालीचा व्हिडिओ बघितला का? मला तर एकदम माहेरी गेल्यासारखं वाटलं हो. यंदा सुट्टीत आधी अंबरनाथलाच उतरते, मग बघू."

मग बघू! आमच्या घरात लेक माहेरी आली की पहिला मुक्काम थोरल्या भावाकडे, ही सासूबाईंपासूनची रीत. मीनाची बॅग पहिल्यांदा माझ्या दारात उतरायची, मी भाकरतुकडा ओवाळून टाकायचे, आणि मग ती सोफ्यावर पाय पसरून "हुश्श" म्हणायची. तो हुश्श माझा होता. एका पुरणपोळीपायी तो अंबरनाथला चालला होता.

मी ह्यांना सांगितलं, "आपणही व्हिडिओ काढायचा. कुरडयांचा."

"कुरडयांचाच का?"

"वैशालीला येत नाहीत म्हणून."

आमचे हे एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. खर्च म्हटला की त्यांना आधी घाम फुटतो. नवा कॅमेरा परवडणार नव्हता, म्हणून आम्ही उल्हासनगरला गेलो आणि एक जुना डिजिटल कॅमेरा घेतला. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, फोटो भी निकलेगा, व्हिडिओ भी निकलेगा. गारंटी मेरी जबान की." मेमरी कार्ड किती मोठं आहे, हे ह्यांनी विचारलं नाही आणि त्याच्या जबानीनेही सांगितलं नाही. स्टँड म्हणून आम्ही घरातली तिवई घ्यायची ठरवली.

मी गहू भिजवले, वाटले, चीक काढला. कुरडया एकट्याने होत नाहीत, म्हणून शेजारच्या कांबळेवहिनी आणि वरच्या मजल्यावरच्या प्रधानकाकूंना बोलावलं. चूक एवढीच झाली, की व्हिडिओ नेटवर जाणार आहे हेही सांगून ठेवलं.

सकाळी गच्चीवर गेले तर काय, प्रधानकाकू मुलीच्या लग्नातली पैठणी नेसून हजर. कांबळेवहिनींच्या गळ्यात नेकलेस आणि केसांत गजरा. कुरडया घालायला मांडी घालून बसावं लागतं, हात चिकट होतात, हे दोघींना माझ्याहून जास्त माहीत. पण त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या त्या राहिल्याच.

"काकू, बसा की," मी म्हटलं.

"आधी शूटिंग होऊ दे," काकू ओठ न हलवता म्हणाल्या. त्यांना वाटत होतं, हललं की फोटो खराब येतो.

आता गरम चिकाचा एक स्वभाव आहे. तो चुलीवरून उतरला की लगेच सोऱ्यात भरून दाबायचा. जरा गार झाला की तो आखडतो, मग कोणाच्या बापाला ऐकत नाही. माझं पातेलं गच्चीत आलं, वाफा निघत होत्या, मी सोऱ्या उचलला. आणि हे कुठे? हे तळमजल्यावर!

आमच्या ह्यांनी शूटिंग म्हणून आयुष्यात एकच गोष्ट पाहिली होती, ती म्हणजे लग्नाची कॅसेट. त्यामुळे त्यांनी रीतसर गणपतीच्या तसबिरीपासून सुरुवात केली. मग दारावरची पाटी. मग बिल्डिंगचं नाव. मग जिना, एकेक पायरी. वाटेत भेटलेल्या सेक्रेटरींनी कॅमेऱ्याकडे बघून नमस्कार केला, तोही घेतला. गच्चीत आल्यावर पाण्याची टाकी घेतली. माझ्याकडे कॅमेरा वळायला अजून बराच अवकाश होता.

"अहो, चीक आखडतोय!"

"अगं, आधी पाहुण्या मंडळींचं घेतो. नाहीतर वाईट दिसतं."

पाहुणी मंडळी ताठ उभी होती. हे त्यांच्या चेहऱ्यापासून पायांपर्यंत कॅमेरा फिरवत राहिले आणि एकदाचा तो तिवईवर ठेवला. मग पहिला सोऱ्या कोणी दाबायचा यावर मानपान सुरू झाला.

"काकू, तुम्ही मोठ्या, तुम्ही घ्या," कांबळेवहिनी म्हणाल्या.

"छे छे, घर हिचं. मान हिचा."

"नाही हो, तुम्ही आधी."

ही 'तुम्ही आधी' चालू असताना चिकाचा दगड झाला. मी सोऱ्या दाबला, काही बाहेर येईना. कांबळेवहिनी मदतीला धावल्या, तरी येईना. शेवटी प्रधानकाकू पैठणीचा पदर खोचून खाली बसल्या आणि आम्ही तिघींनी मिळून जोर लावला. तशी सोऱ्याची खालची चकती सुटली आणि आतला सगळा गोळा धप्पकन काकूंच्या मांडीवर, पैठणीतल्या मोरावर जाऊन बसला.

"अय्या, माझा मोर!" काकू ओरडल्या. आतापर्यंत न हललेल्या काकू एवढ्या हलल्या की तिवई चालू कॅमेऱ्यासकट पडली. मी ह्यांना जे काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. आणि तेवढ्यात कार्ड भरलं.

मला वाटलं, सुटले. कुरडई नाही, तर व्हिडिओ नाही. पण दुसऱ्या दिवशी हे संध्याकाळी उशिरा, विजयी चेहऱ्याने घरी आले. सायबर कॅफेत तासन्‌तास बसून त्यांनी सगळा व्हिडिओ नेटवर चढवला होता.

"अहो, पण मधलं कापलं ना?"

"कापायला कुठे येतं मला? नाव मात्र झकास दिलंय, 'कुरडया, भाग पहिला'."

मी दोन दिवस बिल्डिंगमध्ये तोंड लपवून फिरले. वैशालीने पाहिला असणार, हसली असणार, दिरांना पुन्हा लावून दाखवला असणार.

तिसऱ्या दिवशी मीनाचा फोन. ती हसत होती की रडत होती, कळेना.

"वहिनी, तो जिना! ती पाण्याची टाकी! आणि दादाला तुम्ही केवढ्या बोललात हो! अगदी आई बोलायची तसं. मी ठरवलंय, यंदा सगळी सुट्टी तुमच्याकडेच. अंबरनाथला जाणारच नाही. वैशालीचा तो चकचकीत ओटा बघूनच मला माझ्या पोरांची धास्ती वाटते. तुमच्याकडे कसं, बिघडण्यासारखं काही उरलेलंच नाही."

मी जिंकले होते. शेवटचं वाक्य सोडलं तर संपूर्ण जिंकले होते.

मीना आली. तिची तीन मुलं आली, नवरा आला, आणि ऐन वेळी तिच्या सासूबाईही आल्या. आमचा फ्लॅट एका बेडरूमचा. दुपारी लोडशेडिंग. हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गाद्या, आमचे हे उशी घेऊन गच्चीवर. सकाळी नाश्ता उरकेपर्यंत जेवणाची वेळ, जेवण उरकेपर्यंत कोणालातरी भूक. मीना सोफ्यावर पाय पसरून दिवसातून दहा वेळा "हुश्श" म्हणायची, आणि प्रत्येक हुश्शला मी चहा टाकायचे.

अशात एका संध्याकाळी, मी पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत असताना वैशालीचा फोन आला.

"ताई, तुमचं बाई बरं आहे. घर कसं भरून गेलंय तुमचं."

"हो ना," मी घाम पुसत, जमेल तितक्या तोऱ्यात म्हटलं. "तुला अगदी सुनं सुनं वाटत असेल."

"वाटतं ना. आमच्याकडे यंदा कोणी येणारच नाही, मग म्हटलं घरी बसून काय करायचं? महाबळेश्वरला आलोय, आठवडाभर. थंडी काय आहे ताई इथे, शाल घेऊनच बोलतेय."

फोन ठेवला आणि मी उकडलेल्या कैरीसारखी धुमसत ओट्यापाशी उभी राहिले. जावेवर मात करून तिला स्वतःच्या हाताने थंड हवेच्या ठिकाणी पाठवणारी बाई अख्ख्या बदलापुरात माझ्याशिवाय दुसरी नसेल.