मापाची बंदूक

गेल्या उन्हाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. वरच्या फळीवरचा कुकर काढता येईना, ड्रेसची मागची चेन लावता येईना. पन्नाशीतल्या बायकांना हे होतं, त्यात नवल काही नाही. मी डॉक्टर केले, फिजिओथेरपी सुरू केली. तिथल्या बाईंनी कोणत्या कुशीवर झोपता, कॉम्प्युटरसमोर किती बसता, असं सगळं विचारून घेतलं आणि मग विचारलं, खेळता काही?

"शनिवारी सकाळी बंदूक चालवते," मी म्हटलं.

अ‍ॅरिझोनात हे ऐकून कुणी भुवया उंचावत नाही. त्यांनी फक्त विचारलं, कोणत्या खांद्याला लावता, आणि व्हिडिओ मागितला. पुढच्या शनिवारी नवऱ्याला नेमबाजीच्या रेंजवर नेलं आणि त्याच्याकडून फोनवर शूटिंग करून घेतलं. स्क्रीनवर मी स्वतःला पहिल्यांदा बघितलं. मान पुढे काढलेली, कंबर मागे वाकलेली, उजवा खांदा ओढून मागे नेलेला. बंदूक माझ्यासाठी लांब होती. बाईंनी व्हिडिओ दोनदा बघितला आणि स्पष्ट सांगितलं की बंदूक मापाची करून घ्या नाहीतर सोडा, आणखी एक हिवाळा असा काढलात तर या खांद्याची हमी मी देणार नाही.

सोडायची नव्हती. कॉलेजात नागपूरला एनसीसीत असताना रायफल चालवायचे, जमिनीवर पालथं पडून, कागदी लक्ष्यावर. मग लग्न, नोकरी, व्हिसा, पोरांच्या शाळा यात पंचवीसेक वर्षं बंदुकीचं नावही काढलं नाही. इथे चँडलरला आल्यावर कंपनीतल्या एका सहकारी बाईने एकदा रेंजवर नेलं. मातीची चकती यंत्रातून सुटते, वर जाते आणि खाली यायच्या आत ती फोडायची, एवढाच खेळ. फुटली की हवेत धूळ दिसते. आठवड्यातल्या तेवढ्या वेळात मला कुणी काही विचारत नाही आणि मी कुणासाठी काही करत नसते. ते सोडून मी घरी बसून काय करणार होते?

बंदूक मी सेकंडहँड घेतली होती. एकावर एक दोन नळ्या, खांद्याला टेकवायचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, लाकडात सुरेख रेषा. आधीचा मालक सहा फुटांच्या वर होता. मी बूट घालून पाच फूट. बंदूक आवडली, म्हटलं माप नंतर बघू. साडीच्या दुकानातही मी हेच करते आणि मग ब्लाऊजपीस पुरत नाही.

यावर उपाय सरळ होता. दस्त्याचं मागचं टोक कापून आखूड करायचं आणि त्यावर रबराची गादी बसवायची. अडचण एवढीच की कापलेलं लाकूड पुन्हा वाढत नाही. त्या मॉडेलचा दस्ता कंपनीने बनवायचं थांबवून बरीच वर्षं झाली होती. चुकीचा कापला गेला तर बंदूक गेली आणि तिच्याबरोबर माझे शनिवारही गेले. म्हणजे प्रश्न कापायचा की नाही हा नव्हताच. कुणाला कापू द्यायचं, हा होता.

एडिसनला माझी एक मैत्रीण आहे, मूळची दादरची. तिला फोनवर सांगितलं.

"अगं, त्यात काय एवढं? रिव्ह्यू बघ. पाच स्टारवाला घे आणि मोकळी हो."

"तुझा तो ओक ट्री रोडचा टेलर किती स्टारवाला होता?"

"त्याचं नाव काढू नकोस, यार. पोरीच्या लग्नात मी दिवसभर हात खाली ठेवून वावरले. सगळे विचारत होते, काकू, बरं नाही का?"

"मग?"

"मग तू आणि तुझी बंदूक, काय ते बघा."

टेलर निवडायची माझी एक पद्धत आहे. नवीन टेलरकडे पहिल्यांदा कधीही भारी साडीचं ब्लाऊज टाकायचं नाही. साधं सुती टाकायचं. ते चांगलं आलं तरी तेवढ्यावर ठरवायचं नाही. काहीतरी खटकतंच. बाही घट्ट असते, नाहीतर मुंढ्यात ओढतं. ते घेऊन परत जायचं आणि तो काय करतो ते बघायचं. एक म्हणतो, बाई, तुमचंच वजन वाढलंय. दुसरा न बोलता ब्लाऊज उलटं करून शिवण बघतो. शिवणीत माया ठेवलेली असली तर उसवून देतो. भारी साडी त्या दुसऱ्याची. कंपनीत माझं काम सुटे भाग पुरवणारे पुरवठादार पारखायचं आहे, आणि तिथेही मी वेगळं काही करत नाही. नाकारलेला माल परत पाठवला की पुरवठादार कळतो.

पहिलं दुकान मोठं होतं, मॉलसारखं, थंडगार. नवरा सोबत आला होता. काउंटरमागच्या तरुण माणसाने बंदूक माझ्या हातातून घेतली आणि नवऱ्याला विचारलं, "सर, काय करून हवंय?"

नवरा म्हणाला, "मला विचारू नका. मला घरातला मिक्सरसुद्धा लावू देत नाहीत."

मग तो तरुण माझ्याकडे वळला आणि म्हणाला की कापण्यापेक्षा तुम्ही मुलांसाठीची बंदूक घ्या, हलकी असते, गुलाबी रंगातही मिळते. हलकी बंदूक खांद्याला जास्त झटका देते, हे मला माहीत होतं आणि त्याला माहीत असायला हवं होतं. मी बंदूक पिशवीत घातली. गाडीत नवरा म्हणाला, "गुलाबी तुला बरा दिसतो तसा."

"मिक्सर आजपासून तू लावायचास," मी म्हटलं.

दुसरा कारागीर नावाजलेला होता. क्लबातले निम्मे लोक त्याच्याकडे जातात. भिंतीवर त्याने बक्षिसांच्या फ्रेम लावल्या होत्या. त्याने मला कोपर वाकवायला सांगितलं, बंदुकीचा दस्ता कोपरात टेकवला, बोट घोड्यापर्यंत कुठे पोचतं ते बघितलं आणि म्हणाला, दीड इंच, गुरुवारी घेऊन जा. बंदूक खांद्याला लावून दाखवा, असं तो म्हणालाच नाही. मी म्हटलं, लाकडाचं नंतर बघू, आधी हा नळीच्या टोकावरचा मणी बसवून द्या. नेम धरताना नजर जिथे जाते तो पितळेचा मणी ढिला होऊन पडला होता. हे माझं सुती ब्लाऊज.

मणी त्याने छान बसवला, अगदी मधोमध. पण नळीच्या बाजूला नखाएवढा ओरखडा होता, शिकंज्यात धरल्याचा. मी दाखवला.

"तो आधीचाच आहे, मॅडम."

देताना मी चारही बाजूंनी फोटो काढले होते. कामाची सवय. फोन पुढे केला. त्याने चष्मा न लावताच बघितलं.

"फोटोत उजेडामुळे दिसत नाही. इतकी वर्षं काम करतोय, माझ्याबद्दल कुणाची तक्रार नाही."

मी आभार मानले आणि निघाले. वाद घालायला मी गेलेच नव्हते. मला हवं ते कळलं होतं.

तिसऱ्याची जागा गावाबाहेर, एका टायरच्या दुकानामागे. आत रेडिओवर बेसबॉलची मॅच, तेलाचा वास, भिंतीला टेकवलेले लाकडाचे तुकडे. माणूस साठीचा, बोलका म्हणवणार नाही, पण त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची सगळी हकिगत मला पहिल्याच भेटीत कळली. बंदुकीचा सेफ्टीचा खटका अडकत होता, तेवढाच दुरुस्तीला दिला. तो मागच्या बाजूला, अंगठ्याखाली असतो. पुढे सरकवल्याशिवाय गोळी सुटत नाही.

घरी आणला तेव्हा खटका अडकत नव्हता, पण इतका कडक झाला होता की माझ्या अंगठ्याने सरकेना. चकती हवेत जाऊन खाली आली असती तोवर मी खटक्याशीच झटापट करत बसले असते. मी परत गेले.

त्याने स्वतः सरकवून बघितला. सहज सरकला. "चालतोय की," तो म्हणाला. मला वाटलं, हाही त्यातलाच. मग त्याने बंदूक मोकळी आहे ना ते उघडून खात्री केली आणि माझ्यासमोर ठेवली. "तुम्ही करून दाखवा."

मी दाखवलं. अंगठ्याचं टोक पांढरं पडलं तरी खटका जागचा हलला नाही. त्याने माझा अंगठा बघितला, मग आपला बघितला.

"मी माझ्या अंगठ्याने तपासला," तो म्हणाला. "ते चुकलंच." आणि रेडिओ बारीक करून तिथल्या तिथे स्प्रिंग काढायला बसला.

नवऱ्याला हे काही पटेना. "एकाने मणी मधोमध बसवला. या टायरवाल्यामागच्याचा खटका परत न्यायला लागला. आणि लाकूड तू यालाच देणार?"

"चूक दोघांकडूनही झाली. यानेच ती बघितली."

"आणि हाताबाहेर गेलं तर?"

"तर मीच दिलंय, तुला बोलणार नाही."

"तेवढं लिहून दे," तो म्हणाला.

दस्ता कापायला गेले तेव्हा थंडीत रेंजवर घालते ते जाड जॅकेट बरोबर नेलं होतं. ते पिशवीतून बाहेर काढलेलं बघून तो म्हणाला, "हे मी तुम्हाला सांगणारच होतो." मी मनात म्हटलं, टेलरकडे माप द्यायला जाताना आत काय घालायचं हे मला कुणी शिकवायला नको. जॅकेट घालून, डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे, असं त्याने मला बऱ्याच वेळा करायला लावलं. तो बाजूला वाकून बघत होता.

"टोचते कुठे?"

मी दाखवलं. दस्त्याचा खालचा कोपरा छातीच्या वरच्या भागात रुततो, म्हणून मी नकळत खांदा मागे ओढते. त्याने लाकडावर पेन्सिलने तिरकी रेघ मारली. पुरुषाला सरळ काप चालतो, म्हणाला, तुम्हाला खालून जास्त कापायला हवा. "हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं नाही?"

"ब्लाऊज शिवणाऱ्यांनी सांगितलंय. त्याला टक्स म्हणतात. बंदूकवाल्यांनी नाही."

टक्स म्हणजे काय ते त्याला जॅकेटवर चिमटा घेऊन दाखवलं. तो हसला आणि म्हणाला, मग तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, करवत देऊ का?

त्याने मापापेक्षा कमी कापलं. तात्पुरती गादी साध्या स्क्रूंनी बसवली आणि सांगितलं, जा, चालवा, मग या. मी दोन शनिवार चालवली. कोपरा टोचत नव्हता, पण हात अजून पुढे ताणावा लागत होता. परत गेले. आणखी थोडं कापलं. पुन्हा रेंज. या वेळी बंदूक वर आली आणि जागेवर बसली. मला वेगळं काही करावं लागलं नाही.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने टेप लावली. "अजून पाव इंच निघायला हवं. हिशोबाने तेवढं येतं."

"नको."

"मॅडम, तुमच्या उंचीला हे लांब आहे."

"टेपला लांब वाटत असेल. मला नाही वाटत. आणखी आखूड केलीत तर झटक्याला अंगठा नाकावर येईल."

"येईल किंवा नाही येणार."

"आला तर तुम्ही लाकूड जोडून देणार आहात का?"

त्याने टेप गुंडाळली. जरासा नाराज झाला. "आणि लांब वाटली तर?"

"तर परत येईन. कापायला लाकूड शिल्लक आहे."

हे बोलताना मला धाकधूक वाटली नाही. मधल्या शनिवारी खांद्याने मला सांगून झालं होतं. कारागीर काय म्हणतो ते मी ऐकलं, आणि तरी माझंच खरं धरलं. त्याने खांदे उडवले, स्क्रू काढले, गादी घासून लाकडाच्या आकाराची केली आणि कापलेल्या जागी तेल चोळून दिलं. ओरखड्यावरही त्याने काहीतरी लावलं, मी न सांगता.

जानेवारीतला पहिला शनिवार. सकाळी चांगलाच गारठा होता, जॅकेट गळ्यापर्यंत लावलेलं. पहिल्या चकत्या सगळ्या चुकल्या. डोळा आता नळीच्या वेगळ्या जागी येत होता, नजरेला सवय व्हायला वेळ लागला. शेजारी उभी असलेली ती माझी कंपनीतली बाई आपली काडतुसं भरत राहिली. मग एक फुटली. मग लागोपाठ तीन. मी मान पुढे काढत नव्हते. खांदा मागे जात नव्हता.

डाव संपला. गेलं वर्षभर मी एका डावानंतर बंदूक पेटीत ठेवून बाकावर बसायचे आणि बाकीच्यांची कॉफी संपेपर्यंत खांदा चोळायचे. गुण लिहिणाऱ्या बाईंना ते पाठ झालं होतं. दुसऱ्या डावाची नावं घेताना त्यांनी माझ्या नावावर रेघ मारायला पेन टेकवलं.

"थांबा," मी म्हटलं. "मी आहे."

त्यांनी वर बघितलं, पेन उचललं आणि पुढचं नाव घेतलं. मी खिशात काडतुसं भरली आणि रांगेत जाऊन उभी राहिले.