ठिबकचा पाइप लावलेली गाडी

आमच्या घरात कुठेही जाऊ शकणारे एकच वाहन आहे आणि ते बहुतेक वेळ गॅरेजमध्ये असते.

वाहन जुने आहे. पिंपळगावच्या एका द्राक्ष बागायतदाराने ते विकायला काढले, आणि इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते एवढे ऐकून मी ते घेतले. माझे काम वर्तमानपत्राच्या कार्यालयात बसून मथळे देण्याचे. त्या कामाला दोन चाकांची ताकदही जास्त होते. तरीही वर्षभरात मी गाडीच्या स्प्रिंगा बदलून तिला उंच केली, ट्रॅक्टरच्या भावकीतले वाटावेत असे दातेरी टायर घातले आणि पोटाखाली खडक लागू नये म्हणून जाड पत्रा ठोकून घेतला. (गंगापूर रोडवर खडक नाहीत. गतिरोधक आहेत.)

गाडी एवढी उंच झाली की माझी आई तिच्यात चढू शकेना. आईने सत्तरी ओलांडली आहे, पण हार मानण्याची तिला सवय नाही. मखमलाबादला आमची झेंडूची शेती आहे. फुले भरायचा प्लास्टिकचा क्रेट तिने दाराशी उपडा घातला, त्यावर पाय दिला आणि चढून बसली. तेव्हापासून क्रेट गाडीबरोबर फिरतो. ती चढली की मी उतरायचे, क्रेट मागे टाकायचा, पुन्हा चढायचे. पंचवटीच्या भाजीबाजारात हा कार्यक्रम पाहायला लोक हातातली पिशवी खाली ठेवत.

“अहो, रिक्षाला क्रेट लागत नाही,” माझी बायको सुलभा म्हणाली.

“रिक्षा डोंगर चढत नाही.”

“आपण कधी चढतो?”

मी क्रेट उचलून मागे टाकला.

शेवटची सुधारणा पाइपाची. गाडी पाण्यात शिरली तर हवेबरोबर पाणी इंजिनात जाऊ नये, म्हणून हवा ओढण्याची नळी वाढवून पार छपरापर्यंत नेतात. आमचे मेकॅनिक रफिकभाई द्वारका चौकाच्या पुढे एका पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. त्यांनी मला आधी नीट पाहून घेतले.

“साहेब, तयार पाइप मिळतो. पण त्याचं बिल वहिनींना कोण दाखवणार?”

मी पाकीट खिशात परत ठेवले.

“तुमच्याकडे ठिबक आहे ना शेतात? मेन लाइनचा तुकडा आणा उरलेला. एक एल्बो आणा, वळणाचा जोड. काळा रंग मी मारतो.”

त्याप्रमाणे झाले. काचेच्या कडेने छपरापर्यंत गेलेला, वर मान वाकवून पुढे पाहणारा तो काळा पाइप पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या. रफिकभाई जागचे हलले नाहीत. एका सांध्यात थोडी फट राहिली होती, तिच्यावर ते अंगठा ठेवून उभे होते. पुढे कित्येक दिवस मी सकाळचा चहा अंगणात, पाइपाकडे पाहत घेतला. तो बहुधा थंड झालेला असे.

आता या सगळ्याचे कारण. माझी धाकटी बहीण लता सुरगाण्याच्या पुढे एका गावात शिक्षिका आहे. तिने तिथेच घर बांधले, पण ओढ्याच्या पलीकडे. ओढ्यावर पूल नाही, फरशी आहे. म्हणजे पाणी कमी असले की रस्ता, जास्त असले की ओढा. आईने त्या घराची एक वीटही पाहिलेली नव्हती. पावसाळ्यात फरशीवर पाणी असे आणि पाणी ओसरले की आमच्याकडे फुलांची तोडणी असे. लताने दसऱ्याला वास्तुशांत ठरवली. माहेरून आलेले कपडे नेसून जोडपे पूजेला बसते, अशी आमच्याकडची रीत. म्हणजे आई पोचल्याशिवाय पूजा नाही. आणि यंदा पावसाने नवरात्रातही मुक्काम हलवला नव्हता.

“फरशीवर पाणी असलं तर रं?” आईने विचारले.

“म्हणून तर ही गाडी केली,” मी म्हणालो. वर्षभर मी या वाक्याची वाट पाहत होतो.

दसऱ्याला पहाटे आई शेतातल्या प्रत्येक वस्तूची पूजा करते. विळे, फवारणीचा पंप, मोटार, ठिबकचा फिल्टर, आणि यंदा गाडी. मी आंघोळीहून आलो तेव्हा ती क्रेटवर उभी राहून पाइपाला हार गुंडाळत होती.

“हा पाइप कशापायी रं?”

“पाण्यात गेल्यावर लागतो. इंजिनाला...” मी सविस्तर सांगू लागलो. पाण्याचा दाब, हवेचा दाब, छपराची उंची. आईने “बरं, बरं” म्हणत ऐकले आणि झेंडूचे आणखी दोन वेढे दिले. पाइपाचे तोंड, मान, खांदा सगळे केशरी झाले. रथच तो. मी फोटो काढून रफिकभाईंना पाठवला.

आई आणि सुलभाला घेऊन निघालो. दिंडोरीपर्यंत सरळ रस्ता होता. गाडी जरा जड वाटत होती. मी तो टायरांचा रुबाब समजलो. वणी मागे पडली, चढ सुरू झाला आणि गाडीने धाप टाकली. मागून काळा धूर निघू लागला. मी पाय आणखी दाबला. धूर वाढला, वेग कमी झाला. मी चारही चाकांचे बटण दाबले. आता चारही चाके सारखीच हळू फिरू लागली.

इतक्यात आरशात एक स्कूटर दिसली. पंचवटीचे आमचे गुरुजी. पायाशी होमाचे साहित्य, मागे समिधांची मोळी, डोक्याला हेल्मेट. पूजा त्यांनाच सांगायची होती. आमच्याशेजारी आल्यावर त्यांनी स्कूटरचा वेग आमच्याइतका कमी केला. तो करताना त्यांना दोन्ही पाय जमिनीला टेकवावे लागले.

“दिनकरराव, सावकाश चाललात. छान. घाटात असंच चालवावं.”

“गुरुजी, जरा त्रास देतेय गाडी.”

“मी पुढे होऊन मांडामांड करतो. पण दुपारनंतर मला पंचवटीत दोन पूजा आहेत हो. आहेर वेळेत येऊ द्या.” आणि ते गेले. ज्या वळणावर आमच्या गाडीला मागे सरकण्याची इच्छा होत होती, तिथून ती स्कूटर समिधांसकट सळसळत वर गेली. इतके स्वच्छ चढणारे वाहन मी त्याआधी पाहिले नव्हते.

पुढच्या वळणावर गाडी थांबली. मी रफिकभाईंना फोन लावला.

“धूर काळा की पांढरा?”

“काळा.”

“हवा मिळत नाही. फिल्टर बघा.”

फिल्टर काढला, दगडावर आपटला, फुंकला. स्वच्छ होता. परत बसवला. गाडी सुरू झाली, खोकली, बंद पडली.

“मग पाइप बघा साहेब.”

मी हाराला हात घातला.

“हात लावू नको!” आई आतून ओरडली. आई क्वचित ओरडते. “पूजेचा हार हाय. दिवस मावळल्याबिगर काढायचा नाय.”

“आई, आत काही अडकलं असेल तर?”

“काय अडकंल? काय जाणार नाय त्यात. मी बघितलंय.”

एवढ्या खात्रीने सांगितल्यावर पुढे तपास करणे मला अप्रशस्त वाटले. मी टायरांची हवा कमी केली. मग पुन्हा भरली. सुलभाने रस्त्याकडेच्या दगडावर बसून तेरड्याची फुले, नागलीची शेते आणि दरीतले ढग पाहून घेतले. ती म्हणाली, “जागा फार सुंदर निवडलीत बंद पडायला.” जागा खरोखर सुंदर होती. समोरच्या कड्यावरून पाच-सहा धबधबे एकदम पडत होते आणि त्यांचा आवाजही येत नव्हता, एवढा तो कडा लांब होता. मला मात्र त्यात फक्त पाणी दिसत होते आणि हे सगळे पाणी शेवटी लताच्या फरशीवर जाणार, एवढेच सुचत होते.

तेवढ्यात खालून जीप आली. तिच्या आत किती माणसे होती हे बाहेरून सांगता येत नव्हते, कारण बाहेरही माणसे होती. टपावर तांदळाची पोती, त्यांवर दोन गृहस्थ, एकाच्या मांडीवर कोंबडी. जीप आमच्याजवळ थांबली, म्हणजे थांबवावी लागली, कारण हँडब्रेकचे काम टपावरच्या एकाने उतरून चाकामागे दगड ठेवून केले.

“काय झाला भाऊ?” ड्रायव्हरने विचारले. “गाडी त लय भारी हाय.”

“दम धरत नाही.”

“हां. दम नाय.” त्याने आमच्या टायरांकडे आदराने पाहिले. त्याच्या टायरांवर नक्षी अशी उरली नव्हती.

आई तोपर्यंत आहेराची पिशवी घेऊन उतरली होती. “सुरगाण्याच्या पुढं जाती का तुमची जीप? फरशीपर्यंत?”

“जाते ना मावशी. या.”

“आई, जागा कुठे आहे?” मी म्हणालो.

जीपमधली माणसे थोडीशी आत गेली. कुठे गेली ते कळले नाही, पण एक माणूस मावेल एवढी जागा झाली. आईने क्रेट मागवला, त्यावर पाय देऊन चढली, क्रेटही आत घेतला. कपडे निघाले होते, माहेर निघाले होते. वर्षभर यासाठी घडवलेली गाडी दगडाशेजारी उभी होती.

ड्रायव्हरने गिअर टाकला. आईने बाहेर डोके काढले.

“दिनू, ऐक. गाडी चालू झाली तर ये मागून. आन पाण्यात घालशील तव्हा त्या पाइपातला बोळा काढू नको. बेडूक जात्यात.”

जीप वळणाआड गेली.

सुलभा दगडावरून उठली. आम्ही दोघे पाइपाकडे पाहत होतो.

ठिबक असलेल्या कोणत्याही शेतात उघडा पाइप दिसला की त्यात कापडाचा बोळा कोंबतात. नाहीतर बेडूक, सरडे आत शिरतात आणि पाणी सोडल्यावर पूर्ण लाइन तुंबते. आईने आयुष्यभर हे केले आहे. ती ते सांगत नाही, जसे दार ओढून घेतल्याचे कोणी सांगत नाही. गाडीला पाइप दिसला, तोंड उघडे दिसले, तिने बोळा कोंबला, वर हार घातला. सकाळपासून आमचे इंजिन रफिकभाईंच्या सांध्यातल्या त्या फटीतून श्वास घेत होते. एवढ्या श्वासावर ते वणीपर्यंत आले! मी ती फट बुजवून द्या म्हणून त्यांच्यामागे लागलो होतो.

“काढा आता,” सुलभा म्हणाली.

“दिवस मावळायचा आहे.”

“हार राहू द्या. बोळा काढा.”

वेढ्यांच्या खालून दोन बोटे घालून मी तो ओढला. आईच्या जुन्या लुगड्याचा, चांगला मुठीएवढा. किल्ली फिरवली आणि गाडीने असा काही श्वास घेतला की हारातली चार फुले आत गेल्यासारखी वाटली. उरलेला घाट तिने कसा काढला याचे वर्णन मी टाळतो. सुलभाने मात्र वरची कडी दोन्ही हातांनी धरली होती.

फरशीवर पोचलो तर सगळेच तिथे होते. पाणी वरून वाहत होते. जीप थांबली होती. गुरुजींची स्कूटर झाडाखाली होती आणि गुरुजी घड्याळ पाहत होते. पलीकडे काठावर लता साध्या साडीत नवऱ्याशेजारी उभी होती, आणि अलीकडे क्रेटवर उभी राहून आई तिचे घर पाहत होती. लाल कौले, पांढऱ्या भिंती. एवढ्या लांबून.

“पत्रं नाय टाकलं,” ती म्हणाली. “कौलं टाकली पोरीनं.”

जीपचा ड्रायव्हर काठी घेऊन फरशीवर चालून आला. “गुडघ्याच्या खाली हाय. ओढ नाय. माझी नाय जायाची, खाली भोकं हायत. तुमची उंच हाय, जाईल.”

आई, सुलभा, गुरुजी, समिधा, आहेर, क्रेट असे सगळे आत घेऊन मी गाडी पाण्यात घातली. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरले होते आणि मनात काय म्हणत होतो ते गुरुजींनाच ठाऊक, कारण तेही तेच मोठ्याने म्हणत होते. गाडी गेली. डुलत, पाणी कापत, हत्तीसारखी गेली. काठावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे उतरून मी अभिमानाने पाहिले: पाणी टायरांच्या निम्म्यापर्यंत लागले होते. इंजिन त्याच्या कितीतरी वर होते. ज्या पाइपाने आम्हाला घाटात अडवले, त्याची या ओढ्याला गरजच नव्हती.

मी हे कोणाला सांगितले नाही.

लता आईच्या गळ्यात पडली. मग कपडे बदलून जोडपे पाटावर बसले. आईने प्रत्येक भिंतीला हात लावून घर पाहिले. गुरुजींनी मंत्र इतक्या वेगाने म्हटले की तो वेग मला ओळखीचा वाटला, घाटातला होता. पूजा आटोपताच जावयांनी फरशी ओलांडून त्यांना स्कूटरपर्यंत पोचवले, कारण तोवर पाणी उतरून पायाच्या घोट्याला आले होते.

दिवस मावळल्यावर मी हार उतरवायला गेलो. वेढ्यांखाली, पाइपाच्या तोंडात, बोटांना पुन्हा बोळा लागला. लुगड्याचा तुकडा तिने कधी उचलला, कधी कोंबला, कोणी पाहिले नव्हते. या वेळी मात्र मी बोलायचे ठरवले. आईला बाहेर बोलावले, लताला बोलावले, सुलभाला साक्षीला घेतले.

“आई, हा शेतातला पाइप नाही. गाडी यातून श्वास घेते. यात बेडूक येणार कुठून? छपराएवढ्या उंचीवर?”

आणि सगळ्यांसमोर हार दूर केला.

बोळ्यावर, एल्बोच्या अगदी तोंडाशी, एक लहानसा पिवळट बेडूक बसला होता. भिंतीवर चढतात त्यातला. त्याने आमच्याकडे पाहिले.

“बघ,” आई म्हणाली.

अर्धे आयुष्य मी मथळे देत आलो. इतका छोटा आणि इतका पूर्ण मथळा मला एकदाही जमलेला नाही.