सर फरशीवर बसले

आई गेल्यापासून मी देवापुढे हात जोडणं सोडलं होतं. मी सातवीत शाळा सोडलेला, वाशिमकडून पुण्यात पोटासाठी आलेला माणूस. आई अत्यवस्थ असल्याचं कळल्यावर गाडीत बसून सगळी वाट एकच मागणं मागत होतो, मी पोचेपर्यंत तिला ठेव. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

कर्वेनगरात मी ज्यांची देखभाल करायचो ते सर बेने इस्राएली, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेत. सरांची नजर गेली होती, म्हणून त्यांचा धर्मग्रंथ मराठीतून मी अडखळत वाचून दाखवायचो. "सावकाश. देवाला घाई नाही, तुलाच आहे," असं टोकायचे. एकदा वाचताना आलं, की माणूस घडवल्याचा देवाला पस्तावा झाला, मनातून दुःख झालं. मी थांबलोच. "सर, देवालेही वाईट वाटते?"

सर हसले. "जन्मभर पोरांना शिकवलं, की देव परिपूर्ण, तो बदलत नाही, त्याला काही लागत नाही. आणि आमचे पूर्वज सांगतात, रडणं ऐकून तो खाली उतरतो. मला काही हे जुळवता आलं नाही. तुला जमलं तर कळव."

गावच्या एसटीडी बूथवरून सरांच्या शेजाऱ्यांकडे आईचं कळवलं, तोवर सरांकडे बघायलाही सांगितलं, पण परतायला ठरल्यापेक्षा आठ दिवस जास्त लागले. नोकरी गेली असणार, याच धास्तीनं माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. चपलांच्या आवाजावरून मला ओळखणारे सर, "आलास का?" एवढंही म्हणाले नाहीत. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलो. थोड्या वेळानं ते चाचपडत आले आणि गुडघे धरत, कण्हत, माझ्याशेजारी फरशीवर बसले. ज्यांना पलंगावरून उठायलाही मी लागायचो, ते. तरी तोंडातून शब्द नाही. मला वाटलं, फार रागावलेत, आता काढून टाकणार. बराच वेळ गेला. शेवटी मलाच राहवलं नाही.

"सर, कामावर ठेवा. मायचं तोंडही पाहायला भेटलं नाही," म्हणालो आणि लहान मुलासारखा रडलो.

त्यांनी माझा हात शोधून धरला. "वेड्या, काढतंय कोण? आमच्यात दुःखातला माणूस स्वतः बोलेपर्यंत भेटायला आलेल्यानं बोलायचं नसतं. तुझीच वाट बघत होतो. नाव काय होतं आईचं?"

संध्याकाळपर्यंत मी आईबद्दलच बोललो. मग सर म्हणाले, "आता उठव मला. खाली आलो कसाबसा, वर नेणं तुझ्याकडे."

सरही आता नाहीत. देव बदलतो की नाही, मला अजून कळत नाही. माझं मागणं का ऐकलं नाही, हेही कळलं नाही, ते दुखतंच. पण त्या रात्रीपासून पुन्हा हात जोडायला लागलो. आता काही मागत नाही. फरशीवर बसतो, शेजारी थोडी जागा ठेवतो, आणि गप्प राहतो.