आधी आवाज काढा!

गॅरेजमध्ये कुठलंही इंजिन उघडून परत बसवलं की एखाददुसरा नट उरतोच. कुठून निघाला, कोणालाच सांगता येत नाही. गाडी मस्त चालते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि नट डब्यात पडतो. किस्सेही असेच उरतात. माझा डबा आता भरलाय, म्हणून थोडे बाहेर काढतो.

आमचं गॅरेज तलासरीला, हायवेच्या कडेला. मालक दिनूभाई, घरी गुजराती, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि बोल्ट गंजलेला निघाला की दोन्ही. मी आणि लाडक्या, असे दोघं मेकॅनिक. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, तेव्हापासून मी इथेच.

दिनूभाईंचे नियम दोन. गाडी गॅरेजमध्ये आली की आवाज करायची बंद होते, हे त्यांना पक्कं माहीत. म्हणून पहिला नियम : गिऱ्हाइकाने तोंडाने आवाज काढून दाखवल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. दुसरा : स्वतः ट्रायल घेतल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

* * *

मी पहिल्यापासून लाजरा. चार लोकांसमोर ‘खर्रर्र’ करायचं म्हटलं की कान लाल होतात. माझी सुटका केली ती ऑइल कंपनीच्या माणसाने भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरने. त्यावर गाडीच्या आवाजांची इंग्रजी नावं होती, बाजूला चित्रं. रॅटल, क्लँक, स्क्वील, पिंग, स्क्रीच. मी मोबाइलवर एकेक शब्द ऐकून पाठ केला. आता तोंड वेडंवाकडं न करता मी सभ्यपणे विचारू शकत होतो, “रॅटल आहे की क्लँक?”

लाडक्याने माझा अभ्यास बघितला आणि स्वतःच सोपा करून टाकला. “हे बघ, क्लिंक म्हणजे दहाचा पाना पडला. क्लँक म्हणजे बावीसचा. क्लँग म्हणजे जॅकचा दांडा! त्याच्यानंतर जो आवाज येतो ना, तो ज्याच्या पायावर पडला त्याचा!”

* * *

एकदा नवी कोरी गाडी घेऊन एक साहेब आले. बायको शेजारी, सासूबाई मागे.

“आवाज येतो,” साहेब म्हणाले.

“काढून दाखवा,” दिनूभाई म्हणाले.

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं, घसा साफ केला आणि हळूच “हुं... हुं...” केलं. दिनूभाईंनी मान हलवली. “असा आवाज गाडी नाय करत, साहेब. म्हैस करते.”

तेवढ्यात मागची काच खाली झाली आणि सासूबाईंनी असा काही ‘घुर्रर्र-फूऽऽ, घुर्रर्र-फूऽऽ’ काढला की दिनूभाई खूशच झाले. “सायलेन्सरला भोक! आई, तुम्हाला कसा हो इतका बरोबर जमला?”

“जावई रोज रात्री तोच काढतात,” सासूबाई म्हणाल्या.

* * *

धाकटी डहाणूच्या हिरामावशी मासळीचा टेम्पो घेऊन येतात. त्यांना आवाज काढायला सांगावं लागत नाही, थांबवायला लागतं! ब्रेकचा आवाज त्यांनी असा काढला की हायवेवरच्या ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला.

“मावशी, याला स्क्रीच म्हणतात,” मी कानांवरचे हात काढून सांगितलं.

“काय म्हन्तात?”

“स्क्रीच.”

पुढच्या आठवड्यात मी डहाणूच्या बाजारात गेलो, तर मावशी शेजारच्या मासळीवालीवर कडाडत होत्या, “ए बाय, माझ्या गिऱ्हाइकाच्या कानात स्क्रीच करू नको!”

* * *

चिकूच्या टेम्पोवाल्या जयवंतकाकांचं प्रकरण वेगळं. खडखड खडखड. पोस्टरप्रमाणे शंभर टक्के रॅटल. आम्ही सगळं घट्ट केलं, दिनूभाईंनी ट्रायल घेतली, खडखड चालूच! दुपार गेली. शेवटी लाडक्याने सीटखाली हात घातला आणि जेवणाचा स्टीलचा डबा बाहेर काढला. रिकाम्या डब्यात चमचा.

चमचा काढला, खडखड बंद.

काका चमच्याकडे बघत राहिले. “ते ठीक आहे,” म्हणाले, “पण मग उद्या खाऊ कशाने?”

* * *

आता माझं. घरी माझं लग्न ठरवायचं चाललं होतं. आधी दोन ठिकाणी मुलगी बघायला गेलो. दोन्हीकडे पोहे खाल्ले आणि जमिनीकडे बघत बसलो. पहिल्यांनी कळवलं, मुलगा फार शांत आहे. दुसऱ्यांनी मध्यस्थाला सरळ विचारलं, “मुका आहे का हो?”

तिसरं स्थळ सायवनचं. फोटो बघूनच मला ते फार मनापासून व्हावंसं वाटत होतं. आमच्या रानशेतच्या घरून निघताना आई म्हणाली, “या वेळी तोंड उघड रे बाबा.” आणि बोलायला कोणीतरी हवं म्हणून बाबांनी दिनूभाईंना सोबत घेतलं.

लाडक्या मागून ओरडला, “काही सुचलं नाही तर हॉर्न वाजव!”

मुलीचं नाव कल्पना. ती चहा देऊन आत गेली. मी बशीकडे बघत होतो. बाबा खाकरले. दिनूभाई पावसापाण्याचं बोलले. मग तेही संपलं. मुलीच्या वडिलांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मध्यस्थाकडे एकदा. मला कळलं, हेही गेलं.

तेवढ्यात ते सहज म्हणाले, “तुम्ही गॅरेजवाले ना? आमच्या मोटारसायकलला आवाज येतो.”

दिनूभाई सरसावून बसले. “काढून दाखवा.”

“काय?”

“आवाज. तोंडाने.”

नवा शर्ट घातलेला माणूस पाहुण्यांसमोर काय आवाज काढणार! “असा... खालून कुठून तरी,” ते म्हणाले.

“सुरेस, तू विचार,” दिनूभाईंनी मला कोपराने ढोसलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कान तापले. तोंडातून कसंबसं निघालं, “रॅटल... की क्लँक?”

बाबांनी डोळे मिटले.

आणि आतून, दाराच्या पडद्यामागून खणखणीत आवाज आला, “कटक्-कटक्-कटक्-चर्रऽऽ-टण्ण!”

दिनूभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. पडदा सरकला. “बाबांना काय विचारता? गाडी मीच चालवते,” कल्पना म्हणाली.

मी पहिल्यांदा मान वर केली. “थंड असताना येतो, की गरम झाल्यावर?”

“तसं नाही. उतारावर येतो. तेही मागे कोणी बसलं असेल तरच.”

“चेन कव्हरला लागत असेल,” मी म्हणालो. “पण नक्की सांगायचं तर ट्रायल घ्यावी लागेल.”

मुलीचे वडील माझ्याकडे बघायला लागले. माझे बाबाही. दिनूभाई घाईघाईने म्हणाले, “नियम आहे आमच्या गॅरेजचा!”

कल्पनाने खुंटीवरची चावी काढली.

“बसा मागे.”