रॉकेट गेली की गेलं?

फायबरग्लास घासायला घेतलं की त्याची पांढरी धूळ कुठेही जाते. भुवयांत, चहाच्या कपात, मोज्यांच्या आत. कितीही झटका, घरी गेल्यावर थोडी सापडतेच. आमच्या रॉकेटच्या किश्शांचं तसंच झालंय. सांगून संपवले असं वाटतं आणि जेवताना कुणीतरी हसायला लागतं. विचारलं तर म्हणतो, "काही नाही, राळ आठवली."

आधी माणसं सांगते. कॉव्हेंट्रीत अरविंदकाका आणि शैलाकाकू राहतात. काका कारच्या कारखान्यातून रिटायर झालेले, काकू तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या शनिवारच्या वर्गात मुलांना मराठी शिकवतात. त्यांची मुलगी रिया इथेच जन्मली, इथेच दातांची डॉक्टर झाली. निखिल नागपूरचा, आयटीतला, राहतो लंडनमध्ये हाउन्सलोला आणि दर वीकेंडला कॉव्हेंट्रीत असतो. रॉकेटसाठी येतो असं तो म्हणतो. काकूंच्या भरल्या वांग्यांसाठी येतो असं काका म्हणतात.

आणि मी, रियाची मैत्रीण मुक्ता. जन्म कॉव्हेंट्रीचा, शाळा मात्र कोल्हापूरजवळच्या एका वसतिगृहात. परत आले तेव्हा डोक्यात दोनच गोष्टी होत्या, मराठी आणि आकाश.

रॉकेट म्हणजे दिवाळीतलं बाटलीत ठेवायचं नव्हे! उभं केलं की माझ्या डोक्याच्या वर जातं, मांडीएवढं जाड असतं. किट म्हणून खोक्यात सुटे भाग येतात, पण एकेक सांधा आपणच जोडायचा. रियाला त्यावर मोठी मोटर, म्हणजे रॉकेटचं इंजिन, उडवायचं सर्टिफिकेट मिळवायचं होतं. त्याचा नियम मला फार आवडतो. रॉकेट स्वतः बांधायचं, उडवायचं, आणि ते धडधाकट परत आलं पाहिजे. वर जाणं पुरत नाही.

*

किट आणायचं काम निखिलकडे होतं. विकणारा त्याच्या घराजवळचा. निखिल दोन लांबलचक नळ्या खांद्यावर टाकून, बाकीचं खोकं काखेत मारून हाउन्सलोला मेट्रोच्या पिकॅडिली लाइनमध्ये चढला. डब्यात हीथ्रोवरून आलेली माणसं, मोठमोठ्या बॅगा, सगळे पेंगलेले.

तेवढ्यात मी फोन केला. माझा नियम असा होता की रॉकेटचं सगळं बोलणं मराठीतूनच. बिचाऱ्याने पाळला.

"हो गं, घेतलं! रॉकेट घेऊन ट्रेनमध्ये बसलोय!"

बाकी सगळं मराठी होतं, पण 'रॉकेट' सगळ्या डब्याला कळलं! पेंगणारे जागे झाले. एका बाईंनी बॅग उचलली आणि पुढच्या स्टेशनवर उतरून शेजारच्या डब्यात गेल्या. समोरचे आजोबा मात्र नळीकडे बघून म्हणाले, "इज इट अ बिग वन?"

तेव्हापासून निखिल बाहेर कुठेही 'अग्निबाण' म्हणतो. भाषेची सेवा अशीही होते!

*

खोकं काकांच्या गॅरेजमध्ये उघडलं. काकांनी गाडी कायमची रस्त्यावर लावली होती. जमिनीवर चादर, चादरीवर नळ्या, टोकदार नाक, तीन पंख, गुंडाळलेलं लाल पॅराशूट. इतकंच. यातून ढगांच्या वर जाणारी वस्तू होणार, हे डोळ्यांना पटत नव्हतं. मी पंखावर नुसता हात ठेवून बसले होते.

रिया चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, रॉकेट कुठे ठेवली?"

"ठेवलं," काकू आतून ओरडल्या. भिंतीपलीकडूनही त्यांना शब्दाचं लिंग ऐकू येतं. "ते रॉकेट!"

"आणि निखिल म्हणतो ते? अग्निबाण?"

"तो अग्निबाण."

रियाने कप खाली ठेवला. "सेम थिंग आहे ना, आई? एकदा तो, एकदा ते. तिला कोणी विचारलं का?"

*

पंख बसवायच्या दिवशी रियाने ते चिकटवायचं एपॉक्सी कपात कालवलं. पंख जागेवर धरून ठेवण्यापुरतं, पाच मिनिटांत घट्ट होणारं. ते लावून त्याची कड ती बोटाने अशी सफाईने ओढते की बघत राहावं. समोर नळी नसून कुणाची तरी दाढ असावी!

मी विचारलं, "एपॉक्सीला मराठीत काय म्हणायचं?"

विचारायला नको होतं. काका म्हणाले, "खळ." काकू म्हणाल्या, "अहो, खळ कागदाला. हा डिंक." निखिल म्हणाला, "डिंक लाडवात असतो, काकू." काकू म्हणाल्या, "तुला लाडूच आठवणार." काका म्हणाले की आमच्या कारखान्यात याला नुसतं 'ते' म्हणायचे. मी फोनवर शोधत होते, आणि रिया काडी हातात धरून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती.

"सापडला शब्द!" मी ओरडले. "राळ!"

रियाने काडी उचलली. काडीबरोबर कपही उचलला गेला. आत सगळं दगड झालेलं.

"राळ गेली," ती म्हणाली.

काकूंनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! ती राळ, राळ गेली! बघ, जमतंय तुला!"

*

केंब्रिजच्या पुढे जमीन इतकी सपाट आहे की आकाश पायांपासून सुरू होतं. तिथल्या एका शेतात पहिली खेप. पीक काढून झालेलं, वारा कमी, वर ढगांत मोठमोठ्या निळ्या खिडक्या. मैदानाचा सुरक्षा अधिकारी ग्रॅहम, पांढऱ्या मिशांचा. उडवायचं बटण त्याच्या ताब्यात.

उलटी मोजणी मराठीत करू द्याल का, असं मी विचारलं. तो खूश झाला. अंक पाठ केले, "पाच, चार, टीन, डोन, एक," आणि म्हणाला, "'एक' ऐकलं की मी बटण दाबतो."

मोजायचा मान काकांना. काकांचं लहानपण वडिलांच्या धान्याच्या दुकानात गेलं. तिथे धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. आम्हाला कुणाला आठवलं नाही. काकांनाही नाही.

"पाच! चार! तीन! दोन! लाभ!"

रॉकेट उभं. आम्ही सगळे श्वास धरून. ग्रॅहमचा अंगठा बटणावर, नजर काकांवर.

शेवटी त्याने हळूच विचारलं, "व्हेअर इज एक?"

*

मग 'एक' झालं आणि ते गेलं.

कसं गेलं ते अजून मला नीट सांगता येत नाही. आधी नुसता उजेड. आवाज मागाहून आला, तो कानांत नाही, थेट छातीत. मान वर करेपर्यंत रॉकेट ढगांच्या खिडकीत लहान झालं होतं. ज्याची कड रियाच्या बोटाने ओढली, ज्याला काकूंच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं, ते तिथे! माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. धुरामुळे असं मी निखिलला सांगितलं. धूर दुसऱ्या बाजूला जात होता.

वर पोचलं की छोटा बार उडून पॅराशूट बाहेर पडायचं असतं. बार उडाला. पॅराशूट काही आलं नाही.

त्याचं असं झालं होतं. सकाळी रिया पॅराशूट नळीत भरत होती, नीट बसेना. काका म्हणाले, "दे इकडे. भारतातून परत येताना बॅगा कोण भरतं या घरात?" त्यांनी भरलं. गुडघ्याने दाबून बॅगेत लोणच्याच्या दोन बरण्या जास्त बसवतात, तसंच! जागा एवढी उरली की काका म्हणाले, अजून एक मावेल. ते इतकं गच्च बसलं की बाराने जागचं हललंसुद्धा नाही.

रॉकेट नाकावर आलं आणि पंखांपर्यंत शेतात गेलं.

आम्ही पोचलो तेव्हा रिया त्या भोकाजवळ बसली होती. "गेली," ती म्हणाली. "रॉकेट गेली, आई."

आणि काकूंच्या तोंडून, सवयीने, इतकी वर्षं वर्गात म्हणतात तसं, निघून गेलं, "गेलं, बाळा."

रियाने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. काकूंनी तोंडावर हात ठेवला.

गाडीत ती एकच वाक्य बोलली. "अजून एकदा करते. नाही आली, तर बाबांची गाडी परत गॅरेजमध्ये."

*

तेच किट पुन्हा आलं. निखिल पुन्हा पिकॅडिली लाइनने, या वेळी फोन बंद करून. काका मात्र गॅरेजमध्ये पाय ठेवेनात. चहाचा ट्रे दाराशी ठेवायचे, आत एकदा बघायचे आणि जायचे. रिया म्हणायची, "बाबा, या ना." ते म्हणायचे, "नको. तू कर. तुझं छान चाललंय."

भाषेवरून वाद झाला नाही. राळ वेळेत लागली. मला ते अजिबात आवडलं नाही.

*

दुसऱ्या खेपेला तेच शेत. रिया पहाटे उठून पॅराशूट घडी करून बसली होती. इतकं सैल की फुंकर मारली तर बाहेर यावं. ग्रॅहम तपासणी करत रॉकेटभोवती फिरत होता. मध्येच वाकला, चष्मा वर केला.

"रिया, युवर व्हेंट होल इज ब्लॉक्ड. विथ समथिंग रेड."

आता हे भोक म्हणजे काय? आतलं यंत्र हवेच्या दाबावरून उंची ओळखतं आणि पॅराशूट कधी सोडायचं ते ठरवतं. त्या यंत्राला बाहेरची हवा मिळते ती या टाचणीएवढ्या भोकातून. ते बुजलं तर रॉकेट आपण वर आहोत की खाली, हेच विसरणार.

रियाने बोट लावलं. बोट लाल झालं. ती वळली.

"आई?"

काकू पर्सची चेन लावत होत्या. "मी फक्त कुंकू लावलं. शुभ कामाला निघालं ना ते! बरोब्बर मध्ये छोटी गोल जागा होती. मला वाटलं टिळ्यासाठीच ठेवलीय!"

मला वाटलं आता ही चिडणार. रिया गाडीकडे गेली, दात तपासायची बारीक वाकडी सुई घेऊन आली, आणि भोकातलं कुंकू कणाकणाने काढलं. ग्रॅहम टॉर्च धरून उभा. मग तिने आईचा हात धरला आणि रॉकेटच्या नाकावर नेला.

"इथे लाव. इथे भोक नाही."

*

या वेळी मोजायला रिया स्वतः उभी राहिली. काका सगळ्यांच्या मागे, पार गाड्यांजवळ.

"पाच," रिया म्हणाली. "चार. तीन. दोन..."

पुढचा अंक येईना. वारासुद्धा थांबल्यासारखा झाला.

मागून, गाड्यांजवळून, धान्याच्या दुकानात घुमावा असा आवाज आला, "लाभ!"

ग्रॅहमने क्षणभरही वाट बघितली नाही. बटण दाबलं.

उजेड, मग छातीत तो आवाज, आणि निळ्यात एक पांढरी रेघ ओढली गेली. सरळ. इतकी सरळ की मला कोल्हापूरच्या शाळेतली गच्ची आठवली, जिथे मी आडवी पडून तासन् तास वर बघायचे आणि तिथवर कुणी जातं का, असा विचार करायचे. रेघ बारीक झाली, संपली. वर काही नाही. नुसतं आकाश, आणि खाली मान मोडेपर्यंत बघणारी आम्ही माणसं.

माझ्या शेजारी रिया दोन्ही मुठी आवळून पुटपुटत होती. आधी वाटलं देवाचं काही म्हणतेय. मग ऐकू आलं. दिवसभर खुर्चीतल्या पेशंटना म्हणते तेच.

"ओपन वाइड. प्लीज, ओपन वाइड."

आणि अगदी वर, लाल ठिपका उमलला!

निखिल काहीतरी नागपुरी ओरडला, ते लिहिण्यासारखं नाही. पॅराशूट डुलत डुलत वाऱ्यावर दूर गेलं आणि कुंपणापलीकडे बिटाच्या शेतात उतरलं, दिसेनासं झालं. पण अजून झालं नव्हतं. धड आहे का, पंख शाबूत आहेत का, हे ग्रॅहमने बघितल्याशिवाय काही खरं नाही. तो आणि रिया दोघंच गेले. आम्हाला सुरक्षेसाठी आखलेल्या रेषेच्या अलीकडे थांबवलं.

आम्ही थांबलो. काका पुढे येऊन काकूंच्या शेजारी उभे राहिले. काकूंनी डोळ्यांवर हाताचा आडोसा केला होता.

खूप वेळाने कुंपणाच्या फटीतून आधी कुंकू लावलेलं नाक आलं, मग अख्खी नळी, मग ती दोन्ही हातांवर आडवी धरून, गुडघ्यापर्यंत चिखलात, रिया. तिच्या मागे ग्रॅहम, दोन्ही अंगठे वर.

"आई!" रिया तिथूनच ओरडली. "आलं! रॉकेट आलं!"

काकूंनी हात खाली केला.

"आली गं बाई," त्या म्हणाल्या. "अहो, बघा ना! आली!"