टीव्हीची पाठ

माझी आत्या वडिलांची ओळख करून द्यायची ती एकाच वाक्यात. "हा माझ्या पाठीवरचा." धाकट्या भावाला असं म्हणतातच, पण आत्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरं होतं. आजी कामाला बाहेर पडली की ही स्वतः एवढीशी पोर असून याला पाठुंगळी बांधायची, पाणी भरायची आणि केर काढायची. तिची पाठ तेव्हा वाकली ती वाकलीच, असं ती हसत सांगे. वडिलांना हे मुळीच खपत नसे. महाप्याच्या कंपनीत सुपरवायझर झालेला माणूस कधीकाळी कुणाच्या पाठीवर होता, हे सोसायटीला कळायची काय गरज?

नवरा वारल्यावर आत्या कोकणातून आमच्याकडे नेरुळला राहायला आली. आमचा फ्लॅट वन बीएचके. बेडरूम आईवडिलांची आणि माझी, आणि हॉलच्या टोकाला, बाल्कनीच्या खिडकीखाली, आत्याची खाट. दिवसा आम्ही सगळे त्या खाटेवर बसायचो, रात्री आत्या झोपायची. घरात तिची म्हणावी अशी तेवढीच जागा होती. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते त्या खाटेचंच झालं.

टीव्ही चौदा इंची होता, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी टेबलावर ठेवलेला. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन उन्हाळ्यानंतर करू, असं आमच्याकडे दरवर्षी ठरायचं. कुठल्या उन्हाळ्यानंतर, ते ठरलेलं नव्हतं. तोवर ती मालिकेतली माणसं आवाजावरून ओळखायची. "आता रडली ती थोरली ना गं?" असं विचारायची. आई म्हणायची, "वन्सं, बघू द्या जरा." मग ती उरलेला भाग नुसता ऐकायची.

आमच्या वरच्या मजल्यावर इथल्याच मूळ गावातलं कुटुंब राहायचं. त्यांच्याकडे एकोणतीस इंची टीव्ही होता. एकदा जिन्यात त्या घरातल्या काकूंनी आत्याचा हात धरला. "आत्ये, आमचे घरा ये ना बगाला. मोटा हाय टीवी. मानसा कशी समोर उबी र्‍हातान!"

आत्या गेली. खाली आली तेव्हा तिचा चेहरा फुललेला होता. "अगं, थोरलीच्या नाकात मोरणी आहे," तिनं मला सांगितलं. वर्षभर ती मालिका ऐकत होती आणि मोरणी तिला त्या दिवशी दिसली.

मग ती रोज दुपारी वर जाऊ लागली. कुणाचं काय बिघडत होतं? पण वडिलांच्या कानावर गेलं आणि त्यांचं पित्त खवळलं. "माझी बहीण लोकांच्या दारात टीव्ही बघते? उद्या म्हणतील, ह्यांच्या घरात धड टीव्ही पण नाही."

आत्या बिचारी खूश झाली. तिला वाटलं, भावाला आपली कणव आली. ती म्हणाली, "मग मोठा घे ना रे. मला चेहरे दिसत नाहीत."

ते वाक्य वडिलांनी असं उचललं की पुढे कित्येक महिने खाली ठेवलं नाही. एकवीस की एकोणतीस, यावर आईचं आणि त्यांचं बिनसलं होतं. आईचं म्हणणं, हॉलच्या मानानं एकवीस पुष्कळ झाला. वडिलांना एकोणतीसच पाहिजे होता, कारण वरच्यांकडे एकोणतीस होता. आता त्यांना सबब सापडली. "आक्कानं मागितलाय. आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलंय तिनं." आईचा एकवीस तिथेच बाद झाला.

वाशीच्या दुकानातल्या विक्रेत्यानं सांगितलं होतं की जागा मोजून या. वडील जागा मोजण्यात पटाईत. त्यांनी वर्तमानपत्राची पानं खळीनं जोडून पडद्याच्या मापाचा कागद कापला आणि स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या भिंतीवर, टेबलाच्या वर, डकवला. आम्ही सगळे ओळीनं खाटेवर बसलो आणि त्या कागदाकडे बघत राहिलो.

"दिसतंय ना, आक्का?"

"चांगलं दिसतंय रे," आत्या म्हणाली. बिनचेहऱ्याचा कागद होता तो. तरी ती डोळे बारीक करून, मान पुढे काढून बराच वेळ बघत होती. कागद पंधरा दिवस भिंतीवर होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला वडील तो दाखवायचे, आणि मुद्दाम सांगायचे, "बहिणीसाठी घेतोय."

टीव्ही आला तो तीन माणसांनी उचलून, धापा टाकत. खोका फाडला आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की टीव्हीला पाठ असते.

आता हसू येतं. चौदा इंचीलाही पाठ होतीच की, रोज तिच्यावरची धूळ पुसत होतो. पण वडिलांनी लांबी मोजली, उंची मोजली, कर्ण मोजला आणि पाठ कुणी मोजली नाही. कागदाला ती नव्हती ना! ट्रॉलीसकट तो धोंडा भिंतीला लावला तर स्वयंपाकघराच्या दारापुढची वाट अर्धी अडली. आई अंग चोरून आत गेली. गॅसचा सिलिंडर जाईना.

"परत करून एकवीस आणा," आई म्हणाली.

"वरच्यांना काय सांगू? मावला नाही म्हणून?" वडील ओरडले.

तीन माणसं घाम पुसत उभी होती. वडिलांनी हॉलभर नजर फिरवली आणि ती खिडकीशी थांबली. टीव्ही बसेल अशी दुसरी जागा ती एकच होती. आत्या तिथे, तिच्या खाटेवर, ताटात हळदकुंकू आणि नारळ घेऊन बसली होती. टीव्हीची पूजा आईनं करायची होती, ही नुसतं ताट धरून होती. तिनं ते खाली ठेवलं आणि उठली. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

खाट टेबलाच्या रिकाम्या जागी लागली असती. मी तसं म्हटलंही. वडील म्हणाले, "दारातून आत आलं की समोर खाट? हॉल आहे का हॉस्पिटलचा वॉर्ड?" त्या जागी पुढे कृत्रिम फुलांची कुंडी आली. समोरच्या दाराकडे पाठ करून सोफा आला. आणि खाट गेली बाल्कनीत.

सगळेजण बाल्कनीचं कौतुक करू लागले. आई म्हणाली, "हवा किती छान येते." वडील म्हणाले, "ग्रिल आहे, पत्रा आहे, आम्हाला लहानपणी एवढं तरी होतं का?" संध्याकाळी ठाणे-बेलापूर रोडच्या कारखान्यांचा वास तिथे येऊन बसायचा. त्याबद्दल कुणी बोललं नाही. तो वडिलांच्या पगाराचा वास होता.

आत्या खाटेवर बसून खिडकीतून आत बघायची. खिडकीला लागून टीव्ही. तिला दिसायची ती त्याची पाठ: काळी, फुगीर, जाळीजाळीची, वायरी लोंबणारी. पलीकडे आम्ही तिघं सोफ्यावर, तोंडावर रंग नाचतायत. सोफा तिघांपुरताच होता, आणि खाली जमिनीवर बसलं तर तिला उठवत नसे. चौदा इंची तरी तिला बाल्कनीत लावून द्यावा, तर तो एक्सचेंज ऑफरमध्ये दुकानदाराला देऊन टाकला होता. वर जायची सोयही उरली नव्हती. "घरात एवढा मोठा आणलाय तुझ्यासाठी, आता कशाला जातेस?" असं वडिलांनी बजावलं होतं. ती पुन्हा ऐकायला लागली. तेही उलट्या बाजूनं.

एके दिवशी वरच्या काकू नवा टीव्ही बघायला आल्या. चहा झाला, कौतुक झालं. त्यांनी खिडकीकडे वाकून हाक मारली, "आत्ये, दिसतं का गो नीट?"

बाल्कनीतून आत्याचा आवाज आला. "पाठ दिसते. चांगली रुंद आहे."

काकू खळखळून हसल्या. मीही हसले. वडील हसले नाहीत. काकू गेल्यावर ते बाल्कनीच्या दारात उभे राहिले. "चार लोकांत अब्रू काढलीस माझी. तुझ्यासाठी एवढा खर्चात पडलो आणि तू टोमणे मारतेस?"

"टोमणा नाही रे," आत्या म्हणाली. "तिनं काय दिसतं ते विचारलं."

त्यानंतर आठवड्याभरात तिनं ठरवलं. सासरचा एक पुतण्या गावी होता, त्याच्याकडे चार दिवस जाऊन येते, म्हणाली. आमच्याकडे चार दिवस म्हणजे किती, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आईनं लाडू बांधून दिले. बांधताना तिनं बाल्कनीत सुकवायच्या कपड्यांसाठी आणखी एक दोरी लावता येईल का, हे बघून घेतलं.

पुतण्या रविवारी न्यायला आला आणि पिशवी घेऊन खाली रिक्षा थांबवायला गेला. टीव्हीवर मॅच चालू होती. वडील सोफ्यावर पुढे सरकून बसले होते. आत्या चपला घालून त्यांच्या मागे, दारात उभी राहिली.

"येते रे," ती म्हणाली.

"हां, थांब, ही ओव्हर संपू दे."

ती थांबली. तिच्यापुढे त्यांची पाठ होती आणि पाठीपलीकडे तो टीव्ही, प्रथमच तिच्याकडे तोंड करून. ती दाराची चौकट धरून, डोळे बारीक करून बघू लागली, अगदी त्या कागदाकडे बघायची तशी. तिला काय दिसलं कोण जाणे. खालून हॉर्न वाजला. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला, भावाच्या पाठीकडे हात नेला, मध्येच मागे घेतला आणि कठड्याला धरून जिना उतरून गेली.

ओव्हर संपली. जाहिरात लागली. वडील मागे वळले.

"गेली?"

"गेली," मी म्हटलं.

"कमाल आहे," ते म्हणाले. "निदान सांगून तरी जायचं."