काकांच्या खोलीतला मक्याचा केक

मक्याच्या केकला घाबरून अंगणात पळालेला आमच्या दवनीवाड्यातला मी पहिलाच माणूस असेन. (त्यातून मी निवृत्त विज्ञान शिक्षक. ‘भूत नसते’ या विषयावर दरवर्षी तास घ्यायचो.)

आमचा प्रशांत रोमानियात लाकडी सामानाच्या कारखान्यात आहे. तिथलीच योआना नावाची मुलगी त्यानं केली आणि लग्न झाल्यावर आम्हाला कळवलं. तेव्हापासून माझी बायको सुशीला त्याच्याशी बोलली नव्हती. दिवाळीनंतर दोघं पहिल्यांदा घरी यायचं ठरलं, तेव्हा सुनेला तिच्या गावचं काहीतरी करून घालायचं असं मी मनाशी ठरवलं. निदान सुरुवात तरी गोड व्हावी.

“तिला मलाय दुल्चे आवडते,” प्रशांतनं फोनवर सांगितलं.

मलाय म्हणजे मलई असं धरून मी आठ दिवस दुधावरची साय जमवली. ते भांडं फोनवर दाखवलं तेव्हा तो हसतच सुटला. “बाबा, तिकडं मलाय म्हणजे मक्याचं पीठ. दुल्चे म्हणजे गोड. साधा केक आहे तो.”

पीठ, दूध, दही, साखर, सोडा सगळं जमलं. अडलं अंड्यांपाशी. आमच्याकडेच राहणारी माझी मोठी बहीण सरूबाई म्हणाली, “माह्या चुलीवर अंडं चढलं त मी जेवनार नाही. मांगच्या खोलीत जाय.”

मागची खोली आमच्या काकांची. तीन वर्षांपूर्वी ते तिथंच वारले. खोलीला खिडकी नाही. खुंटीवर त्यांचा काळा कोट अजून तसाच होता. शेवटी शेवटी त्यांची वाचा गेली होती. चहा हवा असला की नुसतं “हूंऽऽ” करायचे. ते गेल्यापासून तिथं दिवसाढवळ्याही कोणी पाय ठेवत नसे.

त्या दिवशी सुशीला गोंदियाला स्टेशनवर गेली होती. (“मी बोलणार नाही, पण आणाले जातो,” एवढंच म्हणाली.) धान कापणीमुळे सगळं गाव शेतात. भरदुपारी गल्लीत चिटपाखरू नाही. मी काकांच्या खोलीत शेगडी पेटवली, मोठ्या गंजात (म्हणजे पातेल्यात) वाळू तापवली, त्यात केकचं भांडं ठेवलं आणि वाफ जाऊ नये म्हणून गंजाचं झाकण कणकेनं घट्ट लिंपून टाकलं.

अर्धा तास झाला. अंधारात फक्त निखारे दिसत होते. मी दाराकडं वळलो आणि माझ्या पाठीमागून कोणीतरी म्हणालं, “हूंऽऽ.”

मी वळलो. मागं कोणी नव्हतं. खुंटीवरचा कोट मात्र सावकाश हलत होता, आत खांदे असल्यासारखा.

“हूंऽऽऽ.”

मी अंगणात कसा पोचलो ते आठवत नाही.

“काऊन गा, असा पांढरा काऊन पडला?” सरूबाईनं विचारलं.

“आत काका आहेत.”

ती माझ्यावर हसेल असं वाटलं होतं. ती दारापाशी गेली, कान देऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “काका, च्या पायजे का?”

आतून लांबलचक “हूंऽऽऽ” आलं.

सरूबाईनं चहा करून उंबऱ्यावर ठेवला. मी हात जोडून उभा राहिलो. कपाला धक्कासुद्धा लागला नाही, पण आतला आवाज हळूहळू चढत गेला, रागावल्यासारखा. माझे हात जोडलेलेच होते, तेवढ्यात फाटक वाजलं. प्रशांत, सुशीला आणि मधे उंच, गोरी, बावरलेली योआना. त्याच क्षणी खोलीत धाडकन काहीतरी फुटलं. आम्ही बहीणभाऊ विहिरीपर्यंत धावलो, सुशीला फाटकाबाहेर, प्रशांत तिच्या मागं.

योआना एकटी जागची हलली नाही. तिनं हवेत वास घेतला, “मलाय,” असं पुटपुटली आणि चहा ओलांडून थेट आत शिरली.

आम्ही डोकावलो तेव्हा झाकण कोपऱ्यात पडलं होतं आणि गंजाच्या काठावर कणकेला एक बारीक भोक होतं. इतका वेळ वाफ तिथूनच “हूंऽऽ” करत निघत होती. वरचा कोट शेगडीच्या झळीनं हलत होता. (सहावीतलं पोरही हे सांगू शकलं असतं.) योआना खाली बसून बुडाशी करपलेला केक हातानं तोडून खात होती आणि रडत होती.

“कायले रडून राहिली ते?” सुशीलानं विचारलं. प्रशांतशी कितीतरी महिन्यांनी बोललेलं तिचं पहिलं वाक्य.

“तिची आजी असाच करायची. ती गेली मागच्या वर्षी.”

सुशीला योआनाजवळ जाऊन बसली. मग तिनंही एक तुकडा तोडला. “खालून जळला,” ती म्हणाली, “पण बरा हाय.” आणि पदरानं सुनेचं तोंड पुसलं.

संध्याकाळी योआनानं प्रशांतला काहीतरी विचारलं. तो माझ्याकडं बघून म्हणाला, “ती विचारते, केक होईपर्यंत बाबा हात जोडून उभे होते. ही तुमच्याकडची रीत आहे का?”

सुशीला माझ्याकडं बघत होती. मी घसा साफ केला. “हो,” म्हणालो, “फार जुनी.”

आता रोमानियात योआना केक भाजायला ठेवला की फोन लावते, भट्टीसमोर हात जोडून उभी राहते आणि इकडं माझेही हात जोडलेले आहेत ना, हे बघून घेते. पाऊण तास लागतो.